पेठला आवाज टिपायला गेलो त्याची गोष्ट

नाशिक रोडहून निघताना

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, अमेरिकेत नातवंडं सांभाळायला जातात, निदान सकाळी फिरायला तरी जातात. मी विद्यापीठात गेलो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या शेजारी एकोणतीस वर्षं काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन चित्रपट अभ्यास या विषयाच्या एम.ए.ला नाव घातलं. आमच्या हिने, म्हणजे सुनंदाने, प्रवेशाचा फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, "यात नोकरी लागते का?" मी म्हणालो, "मला आता नोकरी कशाला हवी?" तर म्हणाली, "तेच म्हणते मी. ज्यांना हवी त्यांनाही लागत नाही म्हणे." आणि कणीक मळायला घेतली.

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या विभागात कॅमेरे दोन. त्यातला एक कायम कुलपात, आणि कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे ते कायम रजेवर. विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. सर गेली कित्येक वर्षं एक पटकथा लिहितायत आणि ती अजून पहिल्या पानावरच्या पावसातून बाहेर पडलेली नाही. पहिल्या सहामाहीत आम्ही एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही, कारण सर मध्येच थांबवायचे आणि थांबलेल्या चित्रावर चाळीस मिनिटं बोलायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, पुढे काय होतं?" सर हसले. "काका, पुढे काय होतं हा प्रेक्षकाचा प्रश्न. आपण अभ्यासक." मी वहीत लिहून घेतलं. सिनेमा कसा संपतो ते घरी येऊन मोबाईलवर बघितलं.

शेवटच्या सहामाहीत पंधरा मिनिटांचा माहितीपट करावा लागतो. तीन दिवस बाहेरगावी राहायचं आणि वास्तव टिपायचं. वास्तव टिपायला आमची प्रत्येक बॅच पेठ तालुक्यातच जाते. डोंगर आहेत, आदिवासी पाडे आहेत, आणि रविवारच्या आत घरी परतता येतं. शिवाय नियम असा की सत्तर किलोमीटरच्या पुढे जायचं तर कुलसचिवांची सही लागते. त्यामुळे आमच्या विभागाला जेवढी गरिबी ठाऊक आहे ती सगळी सत्तर किलोमीटरच्या आतली.

आम्ही तिघं. दिग्दर्शक ईशान, गंगापूर रोडचा, वय तेवीस, दाढी त्याहून मोठ्या माणसाची. कॅमेऱ्यावर मृण्मयी, सिन्नरची, कमी बोलणारी आणि कामाला वाघ. आणि ध्वनीला मी. ध्वनी हे खातं कुणी मागून घेत नाही. कॅमेरावाल्याला लोक विचारतात, "काय शूट केलं?" ध्वनीवाल्याला विचारतात, "ती काठी जरा बाजूला घेता का?" आमच्याकडे आवाज कॅमेऱ्यात जात नाही. तो वेगळ्या यंत्रावर नोंदवायचा आणि नंतर चित्राशी जुळवायचा. यंत्र गळ्यात, हेडफोन कानाला, लांब काठीच्या टोकाला माइक, आणि तो माइक चित्रात दिसता कामा नये म्हणून हात दुखेपर्यंत वर धरायचा. मला मात्र हे काम मनापासून आवडलं. टर्बाइनचं बेअरिंग बिघडायच्या दोन दिवस आधी त्याचा आवाज बदलतो, आणि तो मला ऐकू यायचा. आमच्या एकलहऱ्याला शांतता पसरली की समजायचं, मोठा बिघाड आहे.

घाटातून

जानेवारीतली सकाळ. पेठ नाक्याच्या पुढे एके ठिकाणी मिसळ खायला थांबलो. ईशानने तर्रीच्या वाटीचं चित्रण सुरू केलं. वाफ हळूहळू वर जातेय, पाव हळूहळू बुडतोय. त्याला वाफ पसंत पडेना, म्हणून मालकाने तीनदा रस्सा बदलून दिला. मी आपला पापड मोडून खायला लागलो तर ईशान ओरडला, "काका, कंटिन्युइटी!" म्हणजे मी मोडलेला पापड पुढच्या चित्रात परत अख्खा दिसला पाहिजे. मी म्हणालो, "बाबा रे, एकोणतीस वर्षं डबा खाल्लाय मी मशीनसमोर उभ्याने. मिसळ तरी बसून खाऊ दे." मालक खूश झाला आणि माझ्या ताटात न विचारता दही वाढून गेला.

पुढे रामशेजचा किल्ला डावीउजवीकडे डोकावत राहिला. सावळघाटात ईशानने काच खाली करून हात बाहेर काढला, "काय लाईट आहे!" म्हणाला, आणि त्यानंतर त्याला ओकारी झाली. गाडी थांबवली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत मी आल्याची वडी दिली. मृण्मयीने तेवढ्यात दरीचं चित्रण उरकून घेतलं, आणि सांगतो, आमच्या संपूर्ण माहितीपटात बरं म्हणावं असं तेच एक दृश्य आहे. कोटंबीचा घाट ओलांडल्यावर हवा बदलली. भात कापून झालेली खाचरं, मोहाची झाडं, उन्हात वाळत घातलेल्या नागलीच्या पापडांच्या चटया. गाडीवाल्याने हॉर्न वाजवायचं बंद केलं, कारण वाजवायला समोर कुणी नव्हतं.

पेठच्या आत आठ-दहा किलोमीटरवर ते गाव. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथे आधीच पुष्कळ कॅमेरे जाऊन आलेत, त्यात आणखी भर नको.

गाव, पहिला दिवस

गाडीतून उतरलो तोच एक बाई पदर खोचत पुढे आल्या. यशोदा वहिनी. गावात शूटिंगला येणाऱ्यांचं जेवणखाण, राहणं सगळं त्याच बघतात. पाणी दिलं आणि मग विचारलं, "कशाचं हाय औंदा? पाण्याचं का शाळेचं?"

"पाण्याचं," ईशान म्हणाला.

"मंग नदीवर जावं लागंल. नळाचं तुमच्यात चालत नाय."

ईशानचा चेहरा पडला. "नळ आलाय?"

"दोन वर्सं झाली."

"पण पाणी येतं का नळाला?" त्याने फार आशेने विचारलं.

"येतं की, रोज सकाळी."

माझ्या घरी पाणी आलं नाही की सुनंदा सगळी कॉलनी डोक्यावर घेते. इथे पाणी येतंय हे ऐकून आमचा दिग्दर्शक उंबऱ्यावर बसला. यशोदा वहिनींना त्याची दया आली असावी. म्हणाल्या, "नका घाबरू दादा. बाया नेतात हंडे नदीपर्यंत. येताना डावीकडून येऊ का उजवीकडून? मागच्या वेळचे बोलले, ऊन पाठीवर पायजे."

मग त्यांनी घर दाखवलं. पुढच्या भिंतींना गुलाबी ऑइलपेंट, खाली फरशी, कोपऱ्यात फ्रिज. मागची एकच भिंत मातीची, छान सारवलेली. "तेवढी ठिवलीय तुमच्या लोकांसाठी. फरशीवर कोणी शूटिंग करत नाय," त्या म्हणाल्या. ईशानने त्या भिंतीवर हात फिरवला आणि मृण्मयीला म्हणाला, "बघ, टेक्स्चर." मी फरशीवर मांडी घालून चहा प्यायलो. गार फरशीचं सुख मलाही कळतं आणि वहिनींनाही.

चहा होईपर्यंत अंगणात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. टोपी, पांढरा सदरा, हातात काठी. सगळ्यांचे कप खाली ठेवून झाल्यावर ते पुढे आले. यशोदा वहिनींनी सांगितलं, हे चिंतामण बाबा, पलीकडच्या घरातले.

"कोणच्या कालेजचे?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"तेच," ते म्हणाले आणि माझ्यासमोर बसले. केस पांढरे बघून त्यांनी मलाच प्रमुख धरलं असणार. "सायेब, तीन वर्सांमागं तुमच्या कालेजची पोरं आली व्हती. आमच्या घरात शूटिंग केलं. माझी बायको व्हती त्यात, मंजुळा. लय वेळ बोलली ती. मला लांब बसवलं व्हतं, आवाज नको म्हून. काय बोलली ते ऐकू नाय आलं. मंग दोन महिन्यांनी ती गेली. तापाचं निमित्त झालं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पोरं बोलली व्हती, पिच्चर झाला का दाखवायला आणू. कोणी आलं नाय. तुमच्याकडं आसंल ना तो?"

"घरात फोटो नाही का त्यांचा?" मृण्मयीने विचारलं.

"आधारकारडावर हाय. पन ते तिच्यासारखं नाय. आन् फोटू बोलत नाय ना, बाय."

यशोदा वहिनी हळूच म्हणाल्या, "जो कोणी कॅमेरा घिऊन येतो त्याला इचारतात. सगळे हो बोलतात आन् जातात."

आमच्या विभागाची पोरं कुणाच्या घरात घुसली, नवऱ्याला घराबाहेर काढून बायकोला बोलतं केलं, आणि ते बोलणं घेऊन निघून गेली. ईशानचे डोळे मात्र चमकायला लागले होते. त्याने मला बाजूला ओढलं. "काका, पाणी विसरा. हीच आपली फिल्म."

दुसरा दिवस

सकाळी एक अपघात झाला. माइकवर वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपडं घालतात. ते टोपडं मी उंबऱ्यावर ठेवून वळलो तोवर गावातल्या काळ्या कुत्र्याने ते तोंडात धरून पळ काढला. मी हेडफोनसकट त्याच्यामागे धावलो, वायर खुंट्याला अडकली, आणि मी खाचरात उताणा. पाण्याचं शूटिंग होणार नाही म्हटल्यावर बाया नदीवरून रिकामे हंडे घेऊन परत येत होत्या, त्या हसून हसून खाली बसल्या. यशोदा वहिनी म्हणाल्या, "दर टायमाला नेतो तो. मागच्यांचं दोन नेलंय, त्यावरच झोपतो." थंडीत कुत्र्याची सोय आमचा विभाग करतो, हे एक सत्कार्य तरी नोंदवून ठेवतो.

मग चिंतामण बाबांचं शूटिंग. त्यांना मातीच्या भिंतीपुढे बसवलं. त्यांच्या स्वतःच्या घराला सिमेंट आहे, म्हणून ते यशोदा वहिनींच्या घरात. ईशानने सांगितलं, "बाबा, काल जे सांगितलंत तेच सांगा."

बाबांनी सांगितलं. अगदी कालचंच, शब्द इकडचा तिकडे नाही.

"छान. आता परत एकदा, पण दाराकडे बघून."

बाबांनी दाराकडे बघून सांगितलं. मग प्रकाश बदलला म्हणून सांगितलं. मग टोपी काढून सांगितलं, कारण टोपीची सावली डोळ्यांवर पडत होती आणि ईशानला डोळे हवे होते. मग कोंबडा आरवला म्हणून. पाचव्या वेळी ईशान म्हणाला, "बाबा, 'ती गेली' म्हणाल्यावर जरा थांबा. मनात काय येतं ते येऊ द्या."

हेडफोनमधून माणूस फार जवळ येतो. त्याचा श्वास, आवंढा, दातांवरून फिरणारी जीभ, सगळं आपल्या कानात. पाच वेळा मी त्या माणसाची बायको मेलेली ऐकली. आता माझं डोकं सटकायला हवं होतं. तेव्हा ते सटकलं नाही. हेडफोनवर हात ठेवून मी म्हणालो, "ईशान, बास कर." तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त ध्वनी बघा ना." आणि मी खरोखर ध्वनी बघितला. यंत्रावरचा आवाजाचा काटा लालमध्ये जात होता तो जरा खाली घेतला. याची लाज मला अजून वाटते.

सहाव्या वेळी बाबांनी सगळं सांगितलं, 'ती गेली' म्हणाल्यावर सांगितल्याप्रमाणे थांबले, आणि मग ईशानकडे वळून म्हणाले, "दादा, इतक्यांदा सांगितलं. आता तरी दाखवाल ना?"

"नक्की बाबा, नक्की!" ईशान म्हणाला आणि मृण्मयीकडे वळला. "मिळालं का ते? डोळ्यातलं?"

दुपारी जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण, लसणाची चटणी. एवढं चवदार जेवण मी कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो आणि अर्धं टाकून उठलो, कारण आता डोकं सटकलं होतं. ईशानला म्हणालो, "अरे, तू तिथे 'नक्की' म्हणालास! मागच्यांची फिल्म कुठे आहे ते तुला ठाऊक तरी आहे का?"

"काका, तो शब्द वापरायचा नाहीये, कट करणार आहे मी."

"तुझ्या फिल्ममधून कट होईल रे. त्याच्या डोक्यातून कसा कट करशील?"

वाईट नाही हो पोरगा. त्याला दोन वर्षं कुणी एवढंच शिकवलं नाही की समोर माणूस बसलाय. आणि शिकवणाऱ्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर वही उघडून मीच बसायचो.

संध्याकाळी ऊन होतं तोवर मी एकटाच बाबांकडे गेलो. ते विळ्याला धार लावत होते. म्हणालो, "बाबा, मी शोधतो. सापडलं तर घेऊन येतो. नाही सापडलं तर तेही सांगायला येतो."

त्यांनी विळा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हे नवीन हाय," ते म्हणाले. "नाय सापडलं तर सांगायला येतो असं कोणी बोललं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. यशोदा वहिनींनी सुनंदासाठी नागलीचे पापड बांधून दिले आणि मी घाटभर खिडकीबाहेर बघत राहिलो.

नाशिक, विभागात

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांना गाठलं. सरांना ती फिल्म लगेच आठवली. नाव 'पाण्याची मौनलिपी'. सरांच्या मते त्या बॅचमधली सर्वोत्तम. त्यांनी ती मला लावून दाखवली, आणि आश्चर्य म्हणजे मध्ये थांबवली नाही.

मंजुळाबाई त्यात अकरा सेकंद आहेत. पाठमोऱ्या. हंडा घेऊन चालतायत, मागे सारंगीसारखं काहीतरी वाजतंय. मी विचारलं, "यांचा चेहरा?"

"चेहरा दाखवला की प्रेक्षक भावनिक होतो, काका. मग विचार करत नाही."

"पण त्या घरात पुष्कळ वेळ बोलल्या होत्या म्हणे. ते कुठंय?"

"ते काढलं. तिचं मौनच जास्त बोलतं." सरांनी चष्मा पुसला. "स्त्रीचा दडपलेला आवाज हीच तर थीम होती."

मी न वापरलेलं चित्रण मागितलं. सर म्हणाले, कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या बॅचला द्यायची असतात, त्यामुळे ती प्रत्येक वेळी पुसली जातात. नियमच आहे तसा. झालं. चेहरा गेला. पेठला जाऊन हेच सांगायचं, असं मनाशी ठरवून मी उठलो आणि जिन्यात येऊन मला एकदम आठवलं की मी कोणत्या खात्याचा माणूस आहे. कार्डं चित्राची पुसतात. आवाज तर आमच्याकडे वेगळ्या यंत्रावर असतो, आणि आवाजाची दखल कोण घेतं? मग तो पुसायची तरी आठवण कुणाला झाली असेल?

परत आत जाऊन सरांना विचारलं. सर म्हणाले, जुने आवाज स्टीलच्या कपाटात असतील, पण प्रत हवी तर अर्ज करावा लागेल, आणि त्या आवाजाचे हक्क विभागाचे असल्याने ज्या व्यक्तीचा आवाज आहे तिचं संमतिपत्र जोडावं लागेल.

"ती व्यक्ती वारली आहे, सर."

"मग वारसाचं," सर शांतपणे म्हणाले, "तेही समितीपुढे ठेवावं लागेल."

मी एकोणतीस वर्षं सरकारी चाकरीत काढली आहेत. कोणतं काम अर्जाने होतं आणि कोणतं अर्जाशिवायच करायचं, एवढं मला कळतं. दुपारी मृण्मयी माझ्या बाकाजवळ आली आणि तिने कपाटाची किल्ली समोर ठेवली. किल्लीवाले साहेब रजेवर होते, पण किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्येच पडून होती. एवढी वर्षं उगाच वाट बघितली आम्ही!

कपाटात धुळीखाली एक हार्ड डिस्क होती. तिच्यावर चिकटपट्टी: 'जुने साऊंड – डिलीट करणे'. करायला कुणाला सवड झाली नव्हती. आमच्या विभागाच्या आळसाला मी आयुष्यात प्रथमच हात जोडले.

ध्वनीवाल्यांची एक शिस्त असते, नोंद सुरू झाली की आधी स्वतः बोलून सांगायचं, काय आहे आणि कितवं आहे. हेडफोन लावून एकेक फाईल उघडत गेलो. वारा. नदी. हंडे. वारा. आणि मग एका मुलीचा आवाज: "मंजुळाबाई, घरात, टेक एक." आणि लगेच दुसरा आवाज, खणखणीत:

"अगं बाय, घरात नळ यायचा हाय पुढल्या वर्साला, त्याचं इचार ना! सारखं काय पानी, पानी? आन् ह्यांना कशाला उन्हात बसवलं? आवाज तर मी करतेय!"

मी जोरात हसलो आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून आले. मृण्मयी बघत होती, बघू दे. मौनलिपी म्हणे! ही बाई एवढ्या मोठ्याने बोलत होती आणि आमच्या सर्वोत्तम बॅचने तिच्यावर सारंगी घातली. फाईल अठ्ठेचाळीस मिनिटांची होती, बहुतेक त्या मुलीने मध्ये यंत्र बंदच केलं नव्हतं. मी तिथेच थांबवली आणि आपल्या यंत्रावर उतरवून घेतली. पुढचं माझ्यासाठी नव्हतं.

आमच्या माहितीपटाचं काय झालं तेही सांगून टाकतो. सरांना तो फार आवडला. चिंतामण बाबांचं बोलणं काढून ईशानने नुसते डोळे ठेवले आणि पाठीमागे एक वाद्य. माझ्या गुणपत्रिकेवर 'ध्वनी: समाधानकारक' असा शेरा आला. मी टिपलेला एकही आवाज त्या फिल्ममध्ये नाही. मी पुन्हा पेठला निघालोय हे कळल्यावर ईशान घरी आला. बराच वेळ चप्पल न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बाबा ऐकतील तेव्हा मी कॅमेरा घेऊन येऊ का?" मी नाही म्हणालो. सुनंदा आतून म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं त्याला." तो चहा घेऊन गेला.

पुन्हा गाव

या वेळी एसटीने गेलो. पेठच्या स्टँडवर उतरलो आणि पुढे एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. हेडफोन आणि यंत्र पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळून. सकाळचे दहा वाजले असतील. बाबा अंगणात ऊन खात बसले होते. मला बघून उठले नाहीत. काय निरोप आणलाय ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिले.

"चेहरा नाही सापडला बाबा," मी आधी तेच सांगितलं. "चित्र पुसलं गेलं. आवाज आहे."

यशोदा वहिनी हात पुसत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी बाबांची टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले, आवाज बेताचा ठेवला आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा ते दचकले. मागे वळून घरात बघितलं. मग त्यांचा हात काठीवर घट्ट झाला. बराच वेळ ते नुसते ऐकत होते, ओठ हलत होते. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकदम, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं ते मोठ्याने बोलले:

"हा, खाल्ली! सकाळीच खाल्ली गोळी!"

यशोदा वहिनींनी पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळाने ते हसले. "खोटं नको सांगू त्यांना," म्हणाले, "तो बैल मी नव्हता इकला, तुझ्या भावानी इकला." मग परत गप्प. मग एकदा, हळूच, "आलो, आलो." शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं आणि परत आत गेलं. ऊन अंगणातून सरकून उंबऱ्याशी आलं. एकदाही त्यांनी डोळे पुसले नाहीत. बायको घरात बडबडत असते आणि नवरा अंगणात बसून उत्तरं देत असतो, तसं चाललं होतं. आमच्याकडेही रोज सकाळी हेच चालतं, आणि निम्म्या वेळा मी उत्तर देत नाही.

यंत्रावर बघितलं तर सत्तेचाळिसावं मिनिट संपत आलं होतं. शूटिंग उरकलं की आम्ही सगळ्यांना गप्प बसवतो आणि एक मिनिट नुसता खोलीतला आवाज नोंदवतो. नंतर चित्रणाचे तुकडे जोडताना लागतो तो. त्यात कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, जो जिथे आहे त्याने तिथेच बसून राहायचं. यंत्रावरचा काटा जवळजवळ हलेना, म्हणजे या फाईलच्या शेवटीही ते मिनिट होतं. बाबांना वाटेल यंत्र बिघडलं, म्हणून मी हेडफोन काढायला हात पुढे केला.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा सायेब," ते म्हणाले, या वेळी अगदी हळू. "हाय ती. गप बसलीय."